घोडपदेवातली मळणी

"प्राची, गाडी घेतली," दौलत कासारे फोनवर म्हणाले.

"अय्या, पप्पा! कुठली?" मुलगी बंगळुरूहून ओरडली.

"लाल."

"कलर नाही हो, मॉडेल!"

"मॉडेल जुनं आहे. पण सीट उंच आहे. पुढचं सगळं दिसतं."

"सेकंडहँड एसयूव्ही? पार्किंग कुठे करणार? आणि एसी चालतो ना?"

"वरून उघडी आहे."

"पप्पा, तुम्ही ओपन जीप घेतलीत?"

"जीप नाही गं. हार्वेस्टर. पुढून भात कापते, पोटात झोडपते, दाणे वरच्या टाकीत टाकते आणि पेंढा मागे. सगळं एकटीच करते. कोणाची मदत लागत नाही तिला."

पलीकडून प्राचीला कोणीतरी हाक मारली. "पप्पा, मला कॉल आहे. फोटो पाठवा, ओके?"

दौलतनी फोटो पाठवला. उत्तरादाखल हसून हसून रडणारे तीन पिवळे चेहरे आले. पप्पांनी कुठूनतरी आलेला विनोद पुढे ढकलला, असं तिला वाटलं होतं.

दौलत कासारेंनी आयुष्यभर बस चालवली. बस चालवणाऱ्याच्या पाठीमागे सतत माणसं असतात. भांडणारी, पेंगणारी, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालणारी. त्यांच्याशी बोलायची ड्रायव्हरला परवानगी नसते. पण पाठीला त्यांची ऊब लागते. रिटायर झाल्यावर ती ऊब गेली, तरी घरात रमाबाई होत्या. रमाबाई बोलत आणि दौलत 'हूं' म्हणत. रमाबाई गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की नुसतं 'हूं' म्हणायलाही समोर कोणीतरी बोलणारं लागतं. चाळीतली दारं पूर्वी फक्त झोपताना लागायची. आता आत एसी बसले आणि दारं लागली ती लागलीच. दौलतचं दार उघडं असायचं, पण उघड्या दारात डोकवायला आधी कोणीतरी आपल्या दारातून बाहेर यावं लागतं.

म्हणून ते रोज चालत दारूखान्याच्या भंगारबाजारात जात. तिथे भंगाराच्या गोदामांत गॅस कटरच्या ठिणग्या उडत आणि कामगार एकमेकांना ओरडून हाका मारत. त्या हाका ऐकूनही बरं वाटायचं. तिथेच, अभय शेठच्या गोदामात, त्यांना ती दिसली. कुठल्याशा बंद पडलेल्या शेतीफार्मवरून आलेली, परदेशी बनावटीची, दौलतच्या ऐन उमेदीच्या काळातली. शिवा नावाच्या मेकॅनिकने गंमत म्हणून तिचं इंजिन चालू केलं होतं.

"बसू का जरा?" दौलतनी विचारलं.

"बसा ना काका."

शिडी चढून ते वर बसले. हाताखाली मोठं स्टीअरिंग, पायाखाली धडधड. दौलतनी डोळे मिटले. अभय शेठ खालून म्हणाला, "काय बसायचं ते आजच बसून घ्या. उद्या कापायची आहे."

"मी घेतो," दौलत म्हणाले.

हे वाक्य ऐकून अभय शेठ जितका चमकला, त्याहून जास्त दौलत चमकले. त्यांना शेत नव्हतं असं नाही. गावी मंडणगडाजवळ भाताची दोन वाफ्यांची वाटणी होती. पण हे यंत्र त्या वाफ्यात उभं केलं असतं तर अर्धं शेजाऱ्याच्या बांधावर गेलं असतं. तरीही शब्द गेला तो गेला. 'ठेवणार कुठे' याचा त्यांनी जागच्या जागी विचार केला, आणि चाळीमागे पाण्याच्या मोडक्या टाकीशेजारची मोकळी जागा त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

प्राचीला फोन करून झाल्यावर अभय शेठने विचारलं, "ट्रेलर सांगू?"

"कशाला? चालते ना ती? चालवत नेतो. घोडपदेव काय, हे इथे."

"काका, पुढचं कापायचं तोंड आधी काढून घेऊ," शिवा म्हणाला. "ते रुंद आहे. आणि एक ऐका, ही गाडी वळते ती..."

"अरे, माझं आयुष्य डबलडेकर वळवण्यात गेलंय," दौलत म्हणाले आणि ते तोंड तसंच ठेवून त्यांनी गिअर टाकला.

रविवार होता. रस्त्यांना सुट्टी असल्यासारखं वाटत होतं. रे रोडच्या पुलावर टॅक्स्या आपणहून बाजूला झाल्या. एका बाईने कडेवरच्या पोराला बोट करून दाखवलं. दौलतनी हात हलवला. खूप दिवसांनी कोणाला तरी हात हलवला होता.

पूल उतरल्यावर ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारली.

"हे काय आहे?"

"हार्वेस्टर, साहेब."

"शूटिंगचं?"

"नाही, माझं. घरी नेतोय."

"घर कुठाय?"

"घोडपदेवला."

"तिथे शेती आहे?"

"नाही."

हवालदाराने खिशातलं चलनाचं मशीन काढलं. दुचाकी झाली, रिक्षा झाली, टेम्पो झाला. तो खाली खाली जात राहिला, पण शेवटपर्यंत हा प्रकार काही सापडला नाही. त्याने मशीन खिशात टाकलं. "काका, एक काम करा. माझ्या हद्दीतून हिला लवकर बाहेर काढा. पुढचा काय करायचं ते करील."

पुढच्या रस्त्यावर बसथांबा आला आणि दौलतच्या पायाने आपणहून ब्रेक दाबला. सवयच ती. थांब्यावरच्या रांगेने मान वर केली. रांगेत पहिल्या होत्या सुभद्राबाई, दौलतच्या चाळीतल्या, वरच्या मजल्यावरच्या. हातात भाजीची पिशवी, कपाळावर आठ्या.

सुभद्राबाईंच्या जिभेची चाळीत ख्याती होती. त्यांना कोणी उलट बोलत नसे, आणि त्यामुळे हळूहळू सरळही कोणी बोलेनासं झालं होतं. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच होत्या. दौलतशी त्यांचं सगळं बोलणं "पाणी इला?" आणि "आलं" एवढंच व्हायचं.

"भाऊ, तुमी? ह्या काय?"

"वहिनी, बसा. घरीच चाललोय," दौलतच्या तोंडून निघून गेलं.

"बस काय येणा नाय मेली," असं म्हणत सुभद्राबाई पदर खोचून शिडी चढल्यासुद्धा. मागचा एक गृहस्थ ओरडला, "ओ, लाईन आहे इथे! आम्ही पण उभे आहोत!"

सीटच्या मागे पत्र्याची लहानशी जागा होती. तिथे उभं राहून सुभद्राबाई बोलायला लागल्या. भाजी किती महाग, जावेचा मुलगा कसा फोन करत नाही, यजमानांना गाड्यांची किती हौस होती आणि नशिबात सायकलही कशी आली नाही. इंजिनाच्या आवाजात निम्मं ऐकू येत नव्हतं. दौलत रस्त्यावर नजर ठेवून म्हणत होते, "हूं." थोडं पुढे जाऊन पुन्हा, "हूं." गल्ली येऊच नये असं त्यांना वाटत होतं. पण ती आली.

गल्लीच्या तोंडाशी रघुचं इस्त्रीचं टेबल. टेबलापासून समोरच्या खांबापर्यंत दोरी, आणि दोरीवर सोमवारी ऑफिसला जाणारे चाळीतले यच्चयावत शर्ट वाळत घातलेले. उजवीकडून शर्टांना वळसा घालून आत शिरायचं, हे दौलतनी लांबूनच ठरवलं. बस वळवताना तोंड आत घातलं की शेपूट मागोमाग येते. पण हार्वेस्टरची वळणारी चाकं मागे असतात. शिवा सांगत होता ते हेच. दौलतनी स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं, तशी शेपूट झपकन डावीकडे गेली आणि रघुच्या टेबलाला लागली. रघु तापलेली इस्त्री हातात घेऊन बाजूला उडाला.

"अगो बाय माझ्या!" सुभद्राबाईंचा तोल गेला. हाताला जे लागलं ते त्यांनी घट्ट धरून खाली ओढलं. तो मळणी चालू करायचा दांडा होता.

यंत्राच्या पोटात काहीतरी जागं झालं. पुढचे लांब दाते गोल फिरू लागले आणि त्यांनी समोरचं उभं पीक आत ओढायला सुरुवात केली. आधी निळा शर्ट गेला. मग चौकटीचा. मग दोरीच सापडली आणि बाकीचे रांगेने, शिस्तीत, एकामागून एक आत गेले. मागच्या बाजूने कॉलर, बाह्या आणि खिसे भुशासारखे गल्लीत उडू लागले. वरच्या टाकीत गारा पडल्यासारखा ताडताड आवाज झाला. शेवटी कोणाची तरी जीन्स आत अडकली, इंजिनाने एक आचका दिला आणि सगळं शांत झालं.

चाळीतली सगळी दारं उघडली. कितीतरी दिवसांनी एकदम उघडली.

रघुने पहिला शर्ट उचलून झटकला. फाटला नव्हता, चुरगळला होता आणि त्याला एकही बटण नव्हतं. दुसऱ्यालाही नव्हतं. रघु शिडी चढला आणि त्याने टाकीत पाहिलं. यंत्र जुनं होतं, पण आपल्या कामाला जागलं होतं. भुसा मागे आणि दाणे वर. टाकीत चाळीतली सगळी बटणं साठली होती.

"काका!" रघुचा आवाज चिरकला. "गिऱ्हाइकाला काय सांगू मी? तुमच्या शर्टाची मळणी झाली?"

"माझा इंटरव्ह्यू आहे उद्या!" तळमजल्यावरचा गौतम एक बाही हातात घेऊन उभा होता.

"पण मशीन चालू कोणी केलं?" गौतमच्या बहिणीने, श्रेयाने विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. सुभद्राबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांतून शब्द येत नव्हता.

"माझा हात लागला," दौलत म्हणाले. "माझीच चूक."

"आणि तुम्ही बस चालवायचात, ना?" रघु म्हणाला.

दौलतनी मान खाली घातली. लोकांनी बाकी पुष्कळ काही सुनावलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. हे एवढं मात्र लागलं.

संध्याकाळी त्यांनी बटणं परातीत ओतली, रमाबाईंचा सुईदोऱ्याचा डबा काढला आणि सगळ्यांना निरोप धाडला, की धड राहिलेले शर्ट आणा, मी लावून देतो. लोक रागारागाने आले. पण स्वतःचं बटण ओळखून काढायचं तर बसावं लागतं. लोक परातीभोवती बसले. "हे माझं." "तुझं कसं? माझ्याला चार भोकं आहेत." भांडणं जुंपली. कोणी चहा टाकला. रमाबाईंच्या दिवसांनंतर ही खोली इतकी कधी भरली नव्हती. दौलत चष्मा सरसावून सुई चालवत होते. गौतमच्या दुसऱ्या, धड राहिलेल्या शर्टाचं शेवटचं बटण लावून त्यांनी अभिमानाने दोरा तोडला. गौतमने शर्ट उचलला, तशी त्याबरोबर दौलतची लुंगीही उचलली गेली. बटण दोन्हींतून आरपार शिवलं होतं. खोली हसून हसून आडवी झाली. रघुसुद्धा हसला.

सुभद्राबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्याचं दौलतना दिसलं. पुन्हा पाहिलं तेव्हा नव्हत्या.

मग ज्याचं त्याचं बटण मिळालं आणि एकेक जण उठला. परात रिकामी झाली, खोलीही. वरखाली दारं लागल्याचे आवाज आले.

सोमवारी अभय शेठची क्रेन आली. शिवाने आधी पुढचं तोंड वेगळं केलं आणि दौलतकडे एकदा बघून घेतलं. हार्वेस्टर उलटी, पाठमोरी गल्लीबाहेर निघाली.

"कापणार?" दौलतनी विचारलं.

"कापावीच लागेल, काका," अभय शेठ म्हणाला. "हिला घेऊन जाणार कुठे?"

दौलत परत खोलीत येऊन बसले. फोन वाजला. प्राचीने एक व्हिडिओ पाठवला होता. मागून काढलेला, यंत्राची शेपूट आणि हवेत उडणाऱ्या बाह्या एवढंच दिसत होतं. खाली लिहिलं होतं, "पप्पा, तुमच्याच एरियातलं वाटतंय! किती फनी!!" दौलतनी तो शेवटपर्यंत पाहिला. 'हूं' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

दिवेलागणीला दारात सावली पडली. सुभद्राबाई होत्या. हातात घडी घातलेला पांढरा शर्ट.

"ह्याची बटणा लावूची रवली," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या.

दौलतनी शर्ट हातात घेतला. डांबरगोळ्यांचा वास आला. घड्यांच्या रेषा पिवळ्या पडल्या होत्या. हा शर्ट रघुच्या दोरीवर कधीच नव्हता. ज्यांचा होता ते जाऊन वर्षं लोटली होती. बटणांच्या जागी दोऱ्याची टोकं उभी होती. कात्रीने नुकतीच कापल्यासारखी, अगदी सरळ.

दौलत टोकांकडे बघत राहिले. सुभद्राबाई उंबऱ्याकडे बघत राहिल्या.

"बटणं आणलीत, वहिनी?"

त्यांनी मूठ उघडली. सगळी होती.

"पांढरा दोरा लावू?"

"खयचो पण लावा. घाई नाय," सुभद्राबाई आत येऊन बसल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "भाऊ, काल तो दांडो..."

"वहिनी, मला सुईत दोरा ओवून द्या. दिसत नाही संध्याकाळचं."

त्यांनी दोरा ओवून दिला. जावेच्या मुलाने आजही फोन केला नव्हता, तिथपासून त्यांनी सुरुवात केली. दौलत "हूं" म्हणाले आणि पहिलं बटण शक्य तितकं सावकाश लावू लागले. ते लावून झालं, दुसरं झालं, चहा झाला. शेवटच्या बटणाशी येऊन त्यांचा हात थांबला.

सुभद्राबाईंनी ते पाहिलं.

"लावा, लावा," त्या म्हणाल्या. "ह्यांचे शर्ट पेटीत पुष्कळ आसत."