नाव घ्या, मग ताट घ्या

कुवेतमध्ये फहाहीलच्या वझेकाकांकडे उखाणा घेतल्याशिवाय जेवायला मिळत नसे. पाहुणा नवविवाहित असो की नातवंडं झालेला, काका डाव हातात घेऊन समोर उभे राहत. "नाव घ्या, मग ताट घ्या!" शुवैखला गॅरेज चालवणारा दापोलीचा लतीफभाई दर शुक्रवारी एकच उखाणा घ्यायचा: "शुवैखला गॅरेज, फहाहीलला घर, शमीमचं नाव घेतो, आमटी वाढा वाटीभर." काका दर शुक्रवारी नव्यानं दाद द्यायचे.

माझी बायको मीना वारल्यावर मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलो होतो. काका जवळ आले. "मीनाचं नाव घ्यायला कायद्यानं बंदी आहे?" मी उठलो, नाव घेतलं आणि जेवलो. आता काकाही नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

कायदा हा त्यांचा दुसरा छंद. रिफायनरीत इंजिनिअर, पण बोलणं वकिलाचं. कुणी बायकोला कुवेतला आणायचं म्हटलं, की काका आधी विचारणार, "मॅरेज सर्टिफिकेटवर शिक्के झाले? लग्न मांडवात लागू दे नाहीतर मशिदीत, सरकार मानतं का ते सांग!"

त्यांचा एकुलता एक मुलगा निनाद अमेरिकेत. त्यानं डॅनियलशी लग्न केलं. तेव्हाही काका फोनवर फक्त कायदाच बोलले. "कोर्टानं मानलंय ना? कोर्ट आज हो म्हणेल, उद्या नाही म्हणेल. संसदेनं केलेला कायदा दाखव, मग बोलू."

"बाबा," निनाद म्हणाला, "आम्हा दोघांशी बोलायचं असेल, तेव्हाच फोन करा."

काकी आधीच गेलेल्या. फोनही गप्प झाला. असा कायदा आपल्या हयातीत होत नाही, या भरवशावर काका ताठ मानेनं सगळ्यांना आमटी वाढत राहिले.

आणि अमेरिकेत कायदा झाला. एका राज्यात रीतसर लागलेलं लग्न केंद्र सरकारनं आणि बाकीच्या राज्यांनीही मानायचं, मग जोडपं दोन पुरुषांचं असो की दोन बायकांचं. काकांनी तो मूळ इंग्रजीतून वाचला. पळवाट सापडते का, म्हणून पुन्हा वाचला. पुढच्या शुक्रवारी ते चष्मा पुसत आम्हाला म्हणाले, "मसुदा चोख आहे हो. कुठे बोट ठेवायला जागा नाही."

"मग फोन करा ना!" लतीफभाई म्हणाला. "की आता आणखी कुठला शिक्का राहिलाय?"

काकांनी उठून खिडकी लावली. या देशात ही गोष्ट मोठ्यानं बोलायची नसते. मग फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि निनादला लावला. पडद्यावर दोन चेहरे आले. आम्ही घास हातात धरून बसलो. काका चष्माच नीट करत बसले. लतीफभाईनं त्यांना कोपर मारलं.

काकांनी घसा खाकरला. "निनाद, तुमच्या सरकारनं मानलंय. मी वाचलं."

"हो, बाबा."

"मग नाव घे."

निनाद लहानपणी याच खोलीत उखाण्यांना हसून लोळायचा. त्यानं डोळे पुसले आणि हळू म्हणाला, "फहाहीलच्या उन्हात वाढलो, बर्फात मांडला संसार, डॅनियलचं नाव घेतो, बाबा, उघडा आता दार."

काकांनी दाद दिली नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दोन ताटं आणली, फोनसमोर शेजारी शेजारी मांडली आणि डाव्या हातानं नाक पुसत एका ताटात बासुंदीची वाटी ठेवली.

"काका, निनादला राहिली," लतीफभाई म्हणाला.

"थांब रे," काका म्हणाले. "आधी जावयाला वाढतात."