पास्कल सर आणि ‘पुढे’चं बटण

पास्कल सरांना ‘समजलं’ हा शब्द चालत नाही. तुम्ही त्यांच्यासमोर ‘हो हो, समजलं’ म्हणालात की ते चष्मा कपाळावर चढवतात, मान तिरकी करतात आणि शांतपणे विचारतात, "काय समजलं?"

झालं. आता तुमची सुटका नाही. जे समजलं ते तुमच्या शब्दांत, मोठ्याने, पहिल्यापासून सांगायचं. अर्धवट सांगितलंत तर "परत." घाईत सांगितलंत तर "परत, सावकाश." रिक्षात बसताना ते पारनाका म्हणतात, रिक्षावाला मान हलवतो, आणि सर विचारतात, "काय समजलं?" वसई स्टेशनबाहेरचे निम्मे रिक्षावाले त्यांना लांबून बघून सीटखाली काहीतरी शोधायला लागतात. एकदा चर्चमध्ये फादर प्रवचन संपवताना सहज म्हणाले, "समजलं ना सगळ्यांना?" हे आपले बाकावरून उठले. "फादर, असं विचारलं तर सगळे होच म्हणणार. एकेकाला विचारा." तेव्हापासून फादरनी प्रवचनाचा शेवट बदललाय असं म्हणतात.

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आगाशीला आमच्या घरात मला कुकर म्हणतात; बायको नुसत्या शिट्ट्या मोजते. अशा माणसाच्या शेजारच्या टेबलावर देवाने पास्कल सरांना आणून बसवलं, यात देवाचा नेमका काय हेतू होता ते मला कोणी सांगावं.

आमचं ऑफिस वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कारखान्यांना, हॉस्पिटलांना, बँकांना आपल्या माणसांना नियमांचं शिक्षण द्यावं लागतं. आग लागली तर काय, रसायन सांडलं तर काय, यंत्राशी कसं वागायचं. ते शिक्षण कॉम्प्युटरवर देणारी यंत्रणा आम्ही प्रत्येक कंपनीला हवी तशी बनवून देतो. कोण शिकला, कोण पास झाला, सगळं एका पडद्यावर दिसतं. पास झालेला हिरवा, राहिलेला लाल.

ऐकायला हे फार उदात्त वाटतं. प्रत्यक्षात काय चालतं ते ऐका, म्हणजे तुमचंही डोकं फिरेल. तपासणी जवळ आली की एचआरमधला एखादा क्लार्क चहाचा कप घेऊन बसतो. सगळ्या कामगारांचे पासवर्ड त्याच्याकडे, आणि सगळ्यांचे पासवर्ड एकच. तो एकेकाच्या नावाने आत शिरतो आणि ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबत सुटतो. कप संपेपर्यंत अख्खं खातं सुशिक्षित! ज्याला हातमोजे कुठे ठेवलेत हे माहीत नाही, त्याच्या नावाचं प्रमाणपत्र भिंतीवर. वर आम्हालाच फोन, "तुमचं सॉफ्टवेअर जरा स्लो चालतंय, बटन लवकर दबत नाय." हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण मी काय करत होतो? बटण अजून जलद दाबलं जाईल अशी सोय करून देत होतो. पोटासाठी.

त्यात सर आले. गावच्या हायस्कुलातून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मालकांनी त्यांना धडे सोप्या मराठीत लिहायला घेतलं होतं, बाकी कशाला हात लावायचं कारण नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले.

"राऊत, हे ‘पुढे’चं बटण काढून टाका."

"मग माणूस पुढे जाणार कसा?"

"सांगेल आणि जाईल. पान वाचायचं, आणि काय समजलं ते आपल्या आवाजात बोलायचं. बोलला की पुढचं पान."

"आणि ते ऐकणार कोण?"

"मी."

मी हसलो. मग ओरडलो. मग मालकांकडे गेलो. मालकांनी सरांना बोलावून समजावलं, सर म्हणाले "बरं," मालक म्हणाले "समजलं ना?" आणि पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. केबिनमधून बाहेर पडताना मालकांचा चेहरा तोंडी परीक्षेतून सुटलेल्या मुलासारखा होता. बटण गेलं.

एवढ्यावर थांबतील तर ते पास्कल सर कसले. स्वतःचा प्रयत्न झाला की, उत्तर बरोबर असो वा चूक, त्याच खात्यातल्या आणखी दोघातिघांची उत्तरं कानावर पडली पाहिजेत. "वर्गात पोरं एकमेकांचं ऐकून शिकतात, राऊत." तेही केलं. मग म्हणाले, तपासणीच्या आधी नापास माणसाचं नावच उडवून टाकतात, तेही बंद करा. अर्धवट शिकलेल्याचं नाव फक्त ज्याने घातलं त्यालाच काढता यावं, दुसऱ्या कोणालाही नाही. महिनाभर खनपटीला बसले. मी शिव्या देत देत तेही करून दिलं. तेव्हा मला काय कल्पना, की मी माझ्याच पायात खोडा घालतोय.

पुढे सर दिवसभर कानाला हेडफोन लावून कामगारांचे आवाज ऐकत बसायचे. मध्येच मान डोलवायचे, मध्येच एखाद्याला फोन लावायचे. "अहो, थिनर सांडल्यावर खिडकी उघडायची, पंखा लावायचा नाही. काय समजलं?" गिऱ्हाईकं वैतागली, दोन सोडूनही गेली. उरलेल्यांत सगळ्यात मोठा नायगावकडचा एक रंगाचा कारखाना होता, आणि आमचं ऑफिस त्याच्याच जिवावर चाललं होतं.

त्या कारखान्यात सोमवारी परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती. शनिवारी सकाळी तिथल्या एचआर मॅनेजरचा फोन आला.

"राऊत साहेब, सगळे ग्रीन आहेत, एक रेड आहे. पॅकिंगमध्ये. फिलोमिना पी."

"मग तिला बसवा ना कॉम्प्युटरसमोर."

"कुणाला बसवू? असं नावच नाय आमच्याकडे! हा भूत कामगार कोणी घातला? गोरे लोक विचारणार, हा कोण, पगार कुठे जातो. माझी नोकरी जाईल, तुमचं काँट्रॅक्ट जाईल!"

मी पडद्यावर बघितलं. फिलोमिना पी., पॅकिंग. पहिलंच पान अपूर्ण. पहिल्या पानावर असतं काय? ‘आपलं नाव सांगा.’ बस्स. ही बाई महिनोन् महिने आपलं नाव सांगण्यात नापास होत होती! आणि नाव घालणारा कोण, तर पास्कल सर.

मालक गरजले, "आजच्या आज ते नाव गेलं पाहिजे. नाहीतर सोमवारपासून सर येणार नाहीत. मी त्यांना भरपूर सहन केलंय." खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. सर शनिवारी कामावर नसतात आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलत नाहीत. मी स्कूटरला किक मारली आणि सरांच्या घरी, राजोडीच्या दिशेने निघालो.

शनिवारी राजोडीच्या रस्त्याला लागणं म्हणजे स्वतःहून रक्तदाब वाढवून घेणं. मुंबईच्या गाड्या रिसॉर्टकडे निघालेल्या, एवढ्याशा गल्लीत दोन्हीकडून घुसलेल्या, काचेतून बाहेर गाणी आणि कुत्री. एकाने मलाच विचारलं, "बीच किधर है?" त्याला मी जे सांगितलं ते इथे छापण्यासारखं नाही. सरांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मी वाफेने भरलेला होतो.

कौलारू घर, बाजूला केळी, ओट्यावर दोन खुर्च्या. एकीवर सर. दुसरीवर एक बाई, केस नीट विंचरलेले, उजवा हात मांडीवर तसाच ठेवून दिलेला. समोर स्टुलावर टॅबलेट, आणि त्यातून अर्नाळ्याकडच्या कुण्या बाईचा खणखणीत आवाज येत होता. "मी रत्ना, पॅकिंगला हाय. डब्याचं झाकन उघडाच्या आदी हातमोजे घालाचे." त्या आवाजाबरोबर बाईंचे ओठ हलत होते. आवाज मात्र येत नव्हता.

हे मी बघितलं. पण बघितलेलं डोक्यात शिरायला वेळ लागतो, आणि तोंड आधीच सुटलेलं होतं.

"सर, तुम्ही आम्हाला रस्त्यावर आणणार आहात का? कोण ही फिलोमिना? कारखान्यात नाही, गावात नाही, तिला तुम्ही पॅकिंगमध्ये घातलीत! सोमवारी तपासणी! मालक तुम्हाला काढायला निघालेत आणि तुम्ही इथे खुर्च्या टाकून—"

"गप!"

हे सर नव्हते. बाईंनी डावा हात उगारला होता आणि त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. शब्द जाडाभरडा आला होता, पण आला होता.

सर उठून उभे राहिले. चष्मा कपाळावर नव्हता, हातात होता.

"राऊत," ते म्हणाले, "परत ओरडा."

"काय?"

"परत ओरडा हो! थांबू नका!"

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी ओरडायला सांगत होतं आणि मला एक शब्द सुचेना. शेवटी मी रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल बोलायला लागलो. मग आपोआप जमलं. बाई ऐकत होत्या. कुत्र्यांपर्यंत आलो तेव्हा त्या हसल्या, चांगल्या खळखळून, आणि पुन्हा म्हणाल्या, "गप रे!"

सर खाली बसले. टॅबलेटची काच शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि सरांच्या बायकोची, फिलोमिनाबाईंची, वाचा गेली, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून सरांच्या घरात कोण आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. वसईत गल्लीगल्लीत फिलोमिना. मला काय ठाऊक. मुलगा कॅनडात, मुलगी दुबईत. बाई त्यांच्याशी फोनवर बोलायच्या, आता बोलता येत नाही म्हणून फोन कमी कमी होत गेले. आणि ही बाई म्हणजे चर्चच्या गायनातला पुढचा आवाज, बाजारात निघाली तर दर दहा पावलांवर थांबून बोलणारी.

"अहो, मग मला सांगायचं ना!" मी पुन्हा तापलो. "दोन मिनिटांत वेगळी कंपनी उघडून दिली असती सिस्टीममध्ये. फक्त त्यांच्यासाठी. कुणाच्या तपासणीत नाही, कुणाच्या डोळ्यावर नाही!"

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "मी करून बघितलं होतं. तिथे ती एकटीच होती, राऊत. प्रयत्न करायची, मग पुढे नुसती शांतता. दुसऱ्या कुणाचा आवाजच नाही. दोन दिवसांनी टॅबलेटकडे बघेना. आणि मीही किती बोलणार? घरात एकच माणूस बोलत राहिला की त्यालाही आपला आवाज ऐकवत नाही."

म्हणून ते कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायकांना विचारायला गेले होते. त्या बायकांनीच सांगितलं, "एकटी कशाला ठेवता? आमच्यात घाला. आमी बोलू, ती आयकल. कोन नाय म्हननार हाय?"

मला राग कोणाचा आला ते अजून नक्की सांगता येत नाही. मालकांचा आला, त्या मॅनेजरचा आला, कॅनडाचा तर फारच आला, आणि बराचसा या माणसाचा, ज्याने जगभरच्या लोकांना बोलायला लावलं आणि स्वतः एक अक्षर बोलला नाही.

"आता तरी हिरवं करा त्यांना," मी म्हणालो. "बोलल्या की! मी साक्षीदार."

"नाव विचारलंय," सर म्हणाले. "गप हे नाव नाही."

त्यांनी पासवर्ड घातला आणि पॅकिंगमधून बाईंचं नाव स्वतःच्या हाताने काढलं. तिथेच ओट्यावर बसून मी नवी कंपनी उघडली. पहिली शिकणारी फिलोमिनाबाई. दुसरा मी. सोमवारी कारखान्यात तपासणी पार पडली, आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगमध्ये जाऊन उभा राहिलो. मला विनंती करता येत नाही, त्यामुळे मी बायकांवर जवळजवळ खेकसलोच की मोबाइलवरून त्या नव्या ठिकाणी नावं घाला. रत्नाबाई म्हणाल्या, "घालतो ना, आरडता कशाला?" सगळ्यांनी घातली. मालकांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी सरांना काढायचा विषय पुन्हा काढला नाही, फक्त एक दिवस कोणाला न सांगता त्या कंपनीत त्यांचंही नाव दिसलं.

फिलोमिनाबाई अजून पहिल्याच पानावर आहेत. ‘फि’ येतं, पुढचं अडतं. सर सूट देत नाहीत.

काल रविवारी सकाळीच त्यांचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी हा माणूस फोन करतो, हेच मला नवीन.

"राऊत, येताय ना? उठल्यापासून ती फाटकाकडे बघत बसलीय."

"येतो की."

"या. पण असे नका येऊ," सर म्हणाले. "चिडून या."