शिंगटे मास्तरांचा नारू

शिंगटे मास्तर माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. आधी पाय बघत. पलूसजवळच्या त्या खेड्यातल्या शाळेत आम्ही दोघं एकाच जूनमध्ये रुजू झालो. माझ्या पोटऱ्या न्याहाळून ते म्हणाले, "बसून खाताय जनू." आमची ओळख झाली ती अशी. पुढे एका खोलीत राहिलो, पण माझं नाक कसं आहे हे त्यांना सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

ते ड्रिलमास्तर. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. लढाई चालू होती, गावातली तरणी माणसं पलटणीत होती. लोकांना वाटलं, हा पोरांना डावं-उजवं शिकवील आणि गप्प बसेल. पण गप्प बसणं कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

"कॉलेजातनं सांगून धाडलंय," ते छाती काढून म्हणायचे, "मैदान म्हंजे अख्खं गाव!"

हे मी दिवसातून चार वेळा तरी ऐकत असे. म्हाताऱ्यांना ते पारावर उठाबशा काढायला लावत. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना अडवून, कंबरेत नव्हे, गुडघ्यात वाका म्हणून सांगत. वरण गार होई.

त्यांचं खरं वैर मात्र नारूशी. नारू म्हणजे पाण्यातून पोटात जाणारा आणि पुढं पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा किडा. गावाला एकच विहीर, पायऱ्यांची. बाया गुडघाभर पाण्यात उतरून घागर भरत. पायात नारू लोंबत असलेल्याही. तेच पाणी सगळे पीत, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव बाजेवर पडे. मास्तरांनी ठरवलं, पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या, वर रहाट बसवायचा आणि पाणी दुपदरी फडक्यातून गाळायचं.

बायांची पुढारी पारूआक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं मास्तर, पायाला पानी लागल्याबिगर घागर भरल्यासारखी वाटंल का?"

"पायाला लागलेलं पानीच तर पिताय, आक्का!"

हे लागू पडलं. दिवाळीनंतर भिंत उभी राहिली.

आणि जूनमध्ये पुन्हा निम्मं गाव झोपलं! चावडीवर लोक खवळले. भिंत फोडायची असं ठरत होतं, तोच मास्तर माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत आले. त्यांच्याच पोटरीतून नारूनं डोकं काढलं होतं. लोक पोट धरधरून हसले. मास्तर मात्र इतके खूश मी कधी पाहिले नव्हते.

"हसा गड्यांनो! गेल्या जूनला आल्या आल्या तुमची घागर तोंडाला लावली हुती मी. त्याला पोटातनं पायात यायला वरीस लागतंय. ह्यो भिंतीच्या आदीचा नारू हाय! आजून एक वरीस द्या. पुढल्या पेरनीला एक जरी मानूस झोपलं, तर कॉलेजचा कागद हितं फाडतो आन् गाव सोडतो."

पारूआक्का उठली. "द्या रं वरीस. मास्तर काय खोटं दुखनं काढून आलं न्हाई."

बाजेवर पडूनही त्यांची ड्रिल सुटली नाही. दारावरून घागर गेली की आतून आरोळी यायची, "फडकं दुपदरी हाय का?" बरे झाले तसे घरोघरी जाऊन फडकी तपासू लागले. सोवळ्यातल्या एका काकूंनी त्यांना दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा काकूंनीच फडकं दाखवलं.

पुढच्या पेरणीला गावात एकही माणूस बाजेवर पडलं नाही! सगळ्या पाभरी एका दिवशी शिवारात उतरल्या. लोकांनी मास्तरांना खांद्यावर घेऊन हलगीच्या तालावर गावभर मिरवलं. पारूआक्कानं ओवाळलं. मी तर वेड्यासारखा नाचलो.

संध्याकाळी खोलीवर मास्तरांनी माझ्यापुढं एक कार्ड ठेवलं. "तुमी लिवा. माजं अक्षर बघून फाडतील."

कार्ड वडूजला, त्यांच्या वडिलांना. कॉलेजात जागा मिळाली तेव्हा घरात बाप आणि दोघे भाऊ नारूनं आडवे झाले होते. रान पडीक ठेवून हे निघून गेले. "गेलास तर परत तोंड दावू नगंस," बाप म्हणाला होता. तेव्हापासून यांना घर नव्हतं.

मी लिहिलं: 'तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार. यंदा इथं नारूनं एकही माणूस झोपलं नाही. आपल्या विहिरीवर रहाट बसवायला येऊ का?'

"रहाट बसवला की लगीच माघारी फिरीन, असंबी घाला," मास्तर खाली बघत म्हणाले. "ऱ्हातो म्हटलं तर येऊ द्यायचे न्हाईत."

मी मान हलवली. ते वाक्य काही मी लिहिलं नाही.