गारठ्यावरचा विजय

आमच्या इमारतीतले, घरं उबदार ठेवणारे गरम पाण्याचे पाइप थंड पडले, ही बाब वसाहत समितीने अत्यंत गांभीर्याने घेतली. उत्तर चीनमधल्या हार्बिनच्या हिवाळ्यात घ्यावीच लागते.

माझी नुओनुओ चार महिन्यांची. तीन दुपटी, वर माझा कोट, तरी बोटं बर्फासारखी. मी समितीत गेले. सचिव कौ यांनी पेलाभर गरम पाणी पुढे केलं.

"ताई, ही आता साधी दुरुस्ती राहिली नाही. गारठ्याविरुद्ध जनयुद्ध पुकारलंय आपण."

"पण प्लंबर कधी येणार?"

"आधी आघाडी तर उभारू द्या!"

फाटकावर लाल फलक लागला. तळमजला 'पहिली तटबंदी' झाला. सहावा, म्हणजे आम्ही, 'चावायला कठीण हाड', सगळ्यात अवघड मोर्चा. प्लंबर आला, पण त्याला शपथविधीत उभं केलं. मूठ उंचावून घोषणा देता देताच त्याची पाळी संपली.

"युद्ध आहे ना, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "मग शहीद कोण होणार, तेही विचारून ये."

आठवडाअखेर विजय जाहीर झाला. मी पुन्हा गेले. "साहेब, पाइप थंडच आहेत."

सचिवांचा चेहरा पडला. "विजयानंतरही थंडी वाजते? कुणाच्या बाजूने वाजते तुम्हाला?"

मग हळूच म्हणाले, "जनतेकडून आभाराची मखमली पताका आली, की वरून पथक पाहणीला येतं. पथक येणार म्हटलं की पाइप तापतात."

म्हणून मिळायच्या आधीच आम्ही उबेचे आभार मानले. मजकूर मीच लिहिला, बाळाला पाजता पाजता: 'ऊब घरोघरी, कृतज्ञता अंतरी.' सोनेरी अक्षरांत, लाल मखमलीवर. पथक आलं, समितीच्या भिंतीवरची पताका वाचली, आणि सहावा मजला न चढताच समाधानाने परतलं. पाइप तापवायची गरजच उरली नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई समितीत गेल्या आणि पताका खिळ्यावरून काढून घेऊन आल्या.

"आई, अहो, हे काय?"

"जनतेची आहे ना? मग जनतेला गुंडाळ."

नुओनुओ त्या मखमलीत गाढ झोपली. कितीतरी दिवसांनी तिची बोटं कोमट लागली.

सकाळी सचिव धापा टाकत सहा मजले चढून आले. पोटावर 'ऊब' लिहिलेलं बाळ पाहिलं. मी घाबरले. त्यांचे डोळे मात्र पाणावले.

"हलू नका ताई!" म्हणत त्यांनी मोबाइल काढला.

फोटो सगळीकडे फिरला. तुमच्यापर्यंतही आला असेल. पाइपाचं तुम्ही कशाला विचाराल? 'किती गोड!' म्हणून पुढे पाठवलाच असेल.