नवमीस नाकेदार पाटावर बसला

श्री कुलस्वामिनी साह्य असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमीस डोंगराआडच्या एका राज्यावर जो प्रसंग गुदरला तो ऐकिला तैसा लिहितो. राज्य तीन खोल्यांचे, मोबाइलची रेंज नावाला नाही. धनी हेरंबपंत. त्यांणी श्रावणमासी कचेरीने निकालात काढिलेला एक सर्व्हर आणविला आणि त्या एकाच यंत्राच्या पोटी चार आभासी यंत्रे वसविली. एक फोटो सांभाळी, एक सिनेमे दाखवी, एक फायलींच्या नकला ठेवी, आणि चौथे नाकेदार केले, की घरचे सारे इंटरनेट त्याच्याच हातून जावे. मग जुना राउटर भंगारात दिला. मातोश्री उमाबाई म्हणाल्या, "अरे, असू दे की घरात. खायला मागतोय का तो?" पंत हसले आणि यंत्राची थोरवी सांगत बसले.

मग खंडेनवमी आली आणि उमाबाईंनी रिवाजाप्रमाणे विळी, कोयता, शिलाई मशीन, पान्हे पूजेस काढिले, आणि पंत स्नानास गेले असता सर्व्हरचीही पिन उपसोन, पुसोन, त्यास पाटावर बसविले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. इकडे पंतांची कन्या रेवती, तिची अकरा वाजता परदेशीच्या विद्यापीठाची मुलाखत. दोन वर्षे तिने त्यापायी दुसरे काही पाहिले नव्हते. साडेदहास लॅपटॉप उघडिते तो इंटरनेट गुल. पंत ओलेत्याने धावले आणि पाटावरचे यंत्र पाहोन पुढे केलेला हात मागे घेतला. कारण घरचा दंडक असा, की पूजेतले हत्यार दसऱ्यापावेतो हलवू नये. पंतांच्या तीर्थरूपांनी एके नवमीस नळ फुटला असता दिवसभर बादल्या लाविल्या, परंतु पान्ह्यास हात लाविला नाही.

रेवती दारातून म्हणाली, "बाबा, पंचवीस मिनिटं राहिलीत."

उमाबाईंनी विचारले, "हे उचललं नाही तर तिचं काय होईल? खरं सांग."

"तिची जागा जाईल, आई. चूक माझी आहे. सगळं एकाच डब्यात कोंबलं मी."

उमाबाईंनी आपल्याच हाताने माळ उतरविली. म्हणाल्या, "पूजा मी संध्याकाळी परत मांडीन. पोरीची वेळ परत यायची नाही. उचल."

यंत्र जागेवर नेऊन चालू केले, तरी नाकेदार उठेना. आपण होऊन उठावे ऐसी आज्ञा पंतांनी लिहिलीच नव्हती, आणि लॅपटॉपावरून आज्ञा धाडावी तर वाट त्याच्याच हाती. मग दिवाणखान्यातला टीव्ही ओढून आणिला, यंत्रास पडदा म्हणोन जोडिला, आणि पंतांनी आज्ञा लिहिली. अकरास तीन मिनिटे उणी असता इंटरनेट आले आणि रेवतीने दार लोटून घेतले.

येणेप्रमाणे जाहले. रेवतीस जागा मिळाली, ती पौषात रवाना जाहली. पंतांनी नाकेदारी काढून वेगळा राउटर बसविला. दुसरे साली नवमीस उमाबाईंनी सारी हत्यारे पाटावर मांडिली, राउटरास मात्र लांबूनच अक्षता टाकिल्या, पिन कोणास काढू दिली नाही. पलीकडे लॅपटॉपावर परदेशातून नात बोलत होती.