बायची पाठवणी

चिंचवडच्या आमच्या कारखान्याचं गोदाम समुद्रात कधीच बुडालं नाही, याचं सगळं श्रेय नार्वेकरमामांना. समुद्र तिथून घाट उतरून पार मुंबईला होता, ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतली नाही.

मामा आरमारातून निवृत्त होऊन आमच्याकडे स्टोअरकीपर झाले आणि आल्या आल्या त्यांनी सगळा माल दोरखंडांनी बांधून टाकला. जड खाली, हलका वर, दोन्ही अंगांना वजन सारखं. उजवीकडच्या पेट्या मशीन शॉपमध्ये गेल्या, की डावीकडच्या मधे सरकवायच्या. नाहीतर गोदाम कलंडायचं! साधा बोल्ट हवा असला, तरी अशा गाठी सोडाव्या लागत की तेवढ्यात बोल्ट मागणारा रिटायर होई आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा लागे.

"मामा, गोदाम काय पळून जातंय व्हय?" भोसरीचा किसन फिटर विचारायचा.

"मोकळा माल आणि मोकळी जीभ, मेल्या, दोन्ही जहाज बुडवतात!"

मग किसनची सुटका नसे. मामांच्या जहाजाचं चरित्र सुरू होई. होतं ते आरमाराचं मालवाहू जहाज, पण मामा त्याला 'आमची बाय' म्हणत. बाय विलायतेत जन्मली, अर्ध्या वयात इकडे आली. पासष्टला तिने दारूगोळा वाहिला, एकाहत्तरला तेलाची पिंपं आणि पीठ. एरवी सिमेंट, औषधं, आणि एकदा दूरच्या बेटावर कळपभर बोकड. "बोकडांना समुद्र लागला, पण एकाचंही शिंग मोडू दिलं नाही बायने!" वादळाच्या लाटा गणपतीत ताडाएवढ्या असत, दिवाळीपर्यंत सिंहगडाएवढ्या होत. मी सांगतो तेव्हा त्या आणखी थोड्या वाढतात.

"तोफा डागणाऱ्यांचे फोटो छापतात," मामा म्हणत. "पण डागणाऱ्याला दुपारी भात लागतो. तो कोणी नेला?"

आकाशात ढग दिसला, की मामांच्या येरझारा सुरू. हा दोर ओढून बघ, तो ओढून बघ. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून भोंगा झाला तरी ते ढगांवरच नजर ठेवून असत.

एका शुक्रवारी गोदामातला फोन खणखणला. मुंबईहून मामांचा जुना सोबती ओरडत होता, "बाय मोडीत निघतेय! येत्या सुट्टीला, सूर्यास्ताला निशाण उतरणार. ये!" आणि लाइन तुटली.

मामांनी पुढचे दिवस नुसती जमीन तुडवली. "निशाण उतरताना घरचं माणूस हवं रे," एवढंच घोकत. शेवटी मी म्हटलं, मी येतो सोबत.

विजेच्या टंचाईपायी आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. रविवारी भोंगा वाजे. दत्ताचा वार म्हणून सुट्टीला मटण नाही, हे दुःख वेगळंच. इतक्या वर्षांत सुट्टी म्हणजे गुरुवार हे आमच्या हाडात मुरलं होतं. कुणाला विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

गुरुवारी उन्हं कलायच्या आत आम्ही गोदीच्या फाटकाशी हजर. मामा कडक इस्त्रीत. पहारेकऱ्याने पिशवी उघडायला लावली. आत हिरवा खण, नारळ, हळकुंडं, पुडीत तांदूळ.

"कुणाची ओटी भरताय, काका?" तो हसला.

"आमच्या बायची. ओटी बायकांनी भरायची, ठाऊक आहे मला. पण घरात बाई नाही, आणि पोरीला रिकामी कशी पाठवू?" मामांनी जहाजाचं खरं नाव सांगितलं.

पहारेकऱ्याचं हसू विरलं. "काका, तिचं निशाण रविवारीच उतरलं. सगळे जुने लोक आले होते. सोमवारी टगबोटींनी ओढून नेली."



"नेताना वारा होता?" मामांनी विचारलं.

"नव्हता, काका. पाणी तेलासारखं होतं."

"मग बरं. वाऱ्यात ती डावीकडे कलते." पिशवी बगलेत घेत म्हणाले, "सांभाळून घ्यावं लागतं."

"चला मामा," मी म्हटलं, "संध्याकाळची गाडी मिळेल."

मामा फाटकाबाहेरच्या दगडावर टेकले. पिशवी मांडीवर घेतली, तोंड नीट बांधलं.

"तू हो पुढे. मी सूर्य मावळेपर्यंत बसतो," ते म्हणाले. "आज सुट्टीच आहे ना आपली."