केसरची लक्षणं

केसरने सकाळच्या दुधाकडे पाठ फिरवली, तेव्हा कुसुमलताने मोबाइल उघडला आणि दहा मिनिटांत निदान करून टाकलं. "अहो, आपली केसर गाभण आहे. दूध नको म्हणते, दिवसभर झोपते, परवा ओकली, पोटही सुटलंय. सगळी लक्षणं जुळतात."

हीरालाल हरखले. धरणगावात त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण नाव झालं ते मांजरीमुळे. केसर शुद्ध शाकाहारी आहे, सूर्य मावळला की पाण्यालाही तोंड लावत नाही, हे ते गिऱ्हाइकाला कापड दाखवण्याआधी सांगत. दुकानात उंदीर धोतरं कुरतडत, तर "अहिंसा तिच्या रक्तात आहे," असं म्हणून तेही मिरवत. स्वतःही तसेच कडक. दर गुरुवारी कामासाठी नरडाण्याला जात आणि तिथं आपल्यासारखं जेवण मिळत नाही म्हणून बिचारे दिवसभर उपाशी राहत.

"तिसऱ्या आठवड्यात आचळं गुलाबी होतात म्हणे," कुसुमलता म्हणाली. हीरालालनी चष्मा लावून पाहिलं. गुलाबी होती. आधी कोणत्या रंगाची होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे पुरावा पक्का झाला.

बातमी समाजात पसरली. जन्मजात शाकाहारी पिल्लांसाठी तीन घरांनी नंबर लावले. रविवारच्या कार्यक्रमात हीरालालना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. आजवर त्यांनी सत्कारांसाठी शेकडो शाली विकल्या होत्या, स्वतःच्या खांद्यावर एकही पडली नव्हती. त्या शालीसाठी त्यांचा जीव खालीवर होत होता.

खात्री असावी म्हणून बुधवारी जनावरांचे डॉक्टर योगेंद्र यांना बोलावलं. शेजारच्या सलीमाभाभीही आल्या. त्यांनी मांजरींची बरीच बाळंतपणं केली होती.

डॉक्टरांनी पोट दाबलं, तोंड उघडून वास घेतला. "गाभण नही शे, भाऊ. खाई खाई पोट सुटनं. काय घालतात इले?"

"दूध-पोळी," हीरालाल छाती काढून म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा वास घेतला. सलीमाभाभींनी पदर सारखा केला.

"भाईजान, रागवू नका. रोज दुपारी ती आमच्या मागच्या दाराशी येऊन बसते. दारात आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं? थोडी सुकट घालते."

हीरालालच्या डोळ्यांसमोरून शाल उडून गेली. रागाने त्यांचा आवाज चढला. "सुकट? कशी सुकट? कोरडी भाजलेली, की कांदा-लसणात परतून वरून लिंबू पिळलेली?"

"कोरडीच," सलीमाभाभी म्हणाल्या.

"मग ठीक. कांद्याची असली की पोटाला फार जड होते," हीरालाल बोलून गेले.

डॉक्टर बॅग भरू लागले. कुसुमलताने केसरला हळूच खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डॉक्टरसाहेब, थांबा जरा," ती म्हणाली. "दर गुरुवारी घरी आले की ह्यांनाही दूध नको असतं, आल्या आल्या झोपतात, आणि पोट तर तुम्ही बघताच आहात. तेवढं ह्यांनाही तपासून जा."

हीरालालनी श्वास ओढून पोट आत घेतलं.